एकशे बारा जणांनी घेतलेलं नाव

ओरोव्हाई, १८ सप्टेंबर

गोनारिया,

रविवारी तुझा फोन आला. ‘कशी आहेस?’ ‘बरी आहे. तू?’ ‘मीही बरी.’ मग दोघींनी एकमेकींचे श्वास ऐकले आणि फोन ठेवला. आपल्या श्वासांचे पैसे फोनवाल्यांना कशाला द्यायचे? इथून पुढे कागदावर लिही. कागदावर खोटं बोलायला माणसाला खाली बसावं लागतं, आणि तुला बसायला सवड नसते असं तूच सांगतेस.

मला अक्षरओळख नाही, पण आस्सुंताने औषधाचं दुकान लेकीकडे सोपवल्यापासून तिच्या दुपारी रिकाम्याच असतात. मी बोलेन ते ती लिहील आणि तुझं येईल ते वाचून दाखवील. बोलेन तसंच लिहायचं, माझी वाक्यं धुवून इस्त्री करायची नाहीत, अशी अट घातलीय. आत्ता हसतेय. हसणंही लिही म्हटलं.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये तुझा करार संपतो हे मला ठाऊक आहे. दर दोन वर्षांनी संपतोच तो, पण या खेपेला तुझा आवाज वेगळा येतोय. चाळिशीला आलीस. प्रयोगशाळेत जाऊन हातात नळ्या धरल्यास त्याला पंधरा वर्षं झाली. कायमचं कधी होणार? आपला म्हातारा बाचिझिओ म्हणतो, प्रोफेसर व्हायला परीक्षा असते. मी म्हटलं, माझी पोर परीक्षेला कधी घाबरली नाही. मग अडलंय कुठे?

इकडे सगळं आहे तसं. कोंबडी एकच उरलीय आणि तीही माझ्याशी बोलत नाही.

तुझी आजी बाझिलिया (तोंड माझं, हात आस्सुंताचा)


तोरिनो, २ ऑक्टोबर

आजी,

परीक्षा असती तर बरं झालं असतं. परीक्षेत निदान कुणी समोर बसून प्रश्न विचारतं.

रोममध्ये पाच प्रोफेसरांची समिती बसते. ‘ही प्रोफेसर होण्याच्या लायकीची आहे’ असं त्यांनी म्हटल्याशिवाय देशातलं कुठलंच विद्यापीठ मला दारात उभं करत नाही. आणि त्यांनी माझं काम वाचण्याआधी तीन आकडे बघितले जातात. तीनपैकी दोन पार झाले तरच कागद पुढे सरकतो.

पहिला आकडा, मी किती लेख छापले. तो पार आहे. दुसरा, जगातल्या बाकीच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या लेखांत माझ्या लेखांचं नाव किती वेळा घेतलं. नऊशे हवेत, माझे नऊशे चाळीस आहेत. त्यातले एकशे बारा तर आपल्या गावाच्या रक्तावर लिहिलेल्या एकाच लेखाचे.

तिसरा तुला मेंढ्यांत सांगते. समज, प्रत्येक लेख म्हणजे एक मेंढी आणि प्रत्येक उल्लेख म्हणजे एक कोकरू. माझ्या चौदा मेंढ्या अशा आहेत की प्रत्येकीला निदान चौदा कोकरं झाली. म्हणून माझा आकडा चौदा. सतरा हवा होता, तो काही या वर्षी होत नाही.

पण दोन पुरतात. डिसेंबरअखेर अर्ज भरायचा, एप्रिल-मेमध्ये निकाल.

बाकी ठीक आहे. (बघ, कागदावरही तेच आलं.) जेवते. बहुतेक वेळा ओट्यापाशी उभी राहून, कारण एका ताटासाठी टेबल पुसायचा कंटाळा येतो.

गोनारिया


ओरोव्हाई, १४ ऑक्टोबर

पोरी,

तुझं तिसरं गणित मला लगेच कळलं, आस्सुंताला दोनदा सांगावं लागलं. एकाच मेंढीला शंभर कोकरं झाली तरी तिथं ती एकच धरायची. बरोबर आहे. कळप बघायचा असेल तर तसंच बघावं, नाहीतर एका मेंढीवर मेंढपाळ मिशा पिळत बसायचा.

पण दुसरा आकडा माझ्या आवडीचा! संध्याकाळी बारसमोरच्या बाकावर जाऊन सांगितलं, आपल्या रक्ताचं नाव जगात एकशे बारा जणांनी घेतलंय. बाचिझिओने तिथल्या तिथे बाही वर केली. ‘बघा, बघा, विशीतलं रक्त!’ तू नर्सला घेऊन चर्चच्या सभागृहात आली होतीस, म्हाताऱ्यांचं रक्त काढून प्रत्येकाला एक-एक बिस्किट दिलं होतंस, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून हे सगळे म्हातारे असे चालतात, जणू बायका खिडक्यांतून बघतायत. खिडक्यांत कुणी नाही ते सोड. तूच लिहिलं होतंस ना, म्हातारपणी बाकीच्यांच्या रक्तातले जे पहारेकरी झोपी जातात, ते ओरोव्हाईच्या म्हाताऱ्यांत जागे असतात? माझे तर जागेच असणार, मला झोप कुठे लागते?

एक विचारते, राग मानू नकोस. आपल्या गावात सगळ्यात जास्त नाव कुणाचं निघतं? सिस्तूचं. स्वतःच्या लग्नादिवशी हरवलेली मेंढी शोधायला गेला आणि गुरुवारी परत आला, तो सिस्तू. आणि माझ्या आईने निम्म्या गावाची बाळंतपणं केली, तिचं नाव माझ्याशिवाय कुणी काढत नाही.

तेव्हा सांग, ते एकशे बारा जण तुझं नाव कशासाठी घेतात?

आजी


तोरिनो, ६ नोव्हेंबर

आजी,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तू विचारलंस ते मला इथं कुणीच विचारलं नव्हतं. माझ्या वरिष्ठांनी नाही, समिती तर विचारणारच नाही.

सुरुवातीच्या वीसेक जणांनी कौतुकाने घेतलं. नंतरच्यांनी ‘पिरास आणि सहकाऱ्यांना जे दिसलं ते आम्हाला दिसत नाही’ असं म्हणण्यासाठी. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखंच. जितके लोक मला खोडतात तितकी मी मोठी होते.

आणि ते बरोबर आहेत. हे मला या उन्हाळ्यात कळलं. तुला आठवतं, रक्त विमानाने यायचं होतं आणि नेमका विमानतळावर संप लागला? मग डबे ओल्बिया बंदरातून बोटीत चढवले. समुद्र खवळला होता, बोट उशिरा लागली, त्यात रविवार मध्ये आला. नळ्या वरून छान दिसत होत्या. पण मेलेली पेशी चिकट होते, आजी. आपण जो रंग घालतो तो ती नको इतका पिते आणि यंत्रात चमकते. मेलेल्यांना बाजूला काढणारा वेगळा रंग असतो. आमचे तेव्हाचे प्रोफेसर म्हणाले, ताज्या रक्ताला त्याची गरज नाही. आम्हीही नाही घातला.

गेल्या जुलैत मी इथल्या विद्यार्थ्यांचं रक्त मुद्दाम दोन दिवस ठेवून दिलं आणि मग तेच सगळं केलं. वीस वर्षांच्या पोरांचं रक्त हुबेहूब ओरोव्हाईचं दिसायला लागलं. म्हणजे आम्ही मेलेल्यांना जागे पहारेकरी म्हणून मोजलं होतं.

प्रोफेसर आता निवृत्त आहेत. फोनवर म्हणाले, ‘जाऊ दे, कोण बघतंय?’

लेख मागे घ्यायला हवा. घेतला की त्याचे एकशे बारा गेले. उरले आठशे अठ्ठावीस. दुसरा आकडा गेला की अर्ज गेला, अर्ज गेला की करार वाढवत नाहीत, म्हणजे मार्चनंतर मी या इमारतीत नाही. म्हणून रोज घरी येताना ठरवते की एप्रिलनंतर मागे घ्यायचा. समितीचं झालं की. पाचच महिन्यांचा तर प्रश्न आहे.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. आस्सुंतामावशींनाही म्हणावं, बाकावर नको.

गोनारिया


ओरोव्हाई, १५ नोव्हेंबर

पोरी,

आस्सुंता वाचता वाचता थांबली आणि चष्मा पुसायला लागली. मी म्हटलं, वाच गं, कुणी मेलं नाहीये. मग लक्षात आलं, मेलंय की. माझं रक्त बोटीत मेलं. आणि मी आयुष्यात बोटीत पाऊल टाकलेलं नाही.

मेलेल्यांना जिवंत मोजलंस म्हणून एवढी का खचतेस? आपली नगरपालिका दर वर्षी तेच करते. वेशीवरच्या पाटीवर अजून नऊशे माणसं लिहिलीत. संध्याकाळी येऊन दिवे बघ, मग पाटी वाच.

माझं ऐकशील? आधी खुर्चीत बस. बूड टेकलं की मग बोल. ज्यांनी तुला बिस्किटाच्या डब्यासारखं दर दोन वर्षांनी उघडलं आणि झाकलं, त्यांच्यासाठी पाच महिने आधी प्रामाणिक होऊन तुला कोण ओवाळणार आहे? ते रक्त आठ वर्षं मेलेलंच आहे, अजून पाच महिन्यांत काय ते जास्त मरणार? एका कागदाने कुणाचं काय जातंय?

बाकावर मी काही बोलले नाही. बाचिझिओ अजून बाही वर करून बसतो. थंडी पडलीय, न्यूमोनिया होईल त्याला.

टेबल पूस आणि बसून जेव.

आजी


तोरिनो, २७ नोव्हेंबर

आजी,

‘कुणाचं काय जातंय’ असं तू विचारलंस. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात उत्तर आलं.

एस्टोनियातली एक मुलगी आहे, त्रीनू नावाची. ओळख नाही. तिने मला लिहिलंय. दोन वर्षं ती आमचा प्रयोग तिकडच्या म्हाताऱ्यांवर करून बघतेय आणि तिला काहीच दिसत नाही. दिसणार कसं, ती रक्त दहा मिनिटांत प्रयोगशाळेत आणते! तिचे सर म्हणतात, छापून आलंय म्हणजे आहे, दोष तुझ्या हातात आहे. वर्ष संपेपर्यंत जमलं नाही तर तिची जागा दुसऱ्याला देणार. तिने फार नम्रपणे लिहिलंय. शेवटी एवढंच विचारलंय, ‘तुमच्या हातांना असं काय येतं जे माझ्या हातांना येत नाही? मला दाखवाल का? मी स्वतःच्या खर्चाने येईन.’

ती माझ्या एकशे बारांत नाही. तिने अजून काहीच छापलेलं नाही, मग ती कुठे मोजली जाणार? अशा आणखी किती असतील कोण जाणे.

मी तिला गुपचूप खरं सांगू शकते. पण तिचे सर छापलेलंच मानतात. माझ्या खाजगी चिठ्ठीवर म्हणतील, हिने रडून कुणाकडून तरी लिहून आणलं.

पाच दिवस झाले, मी तिला उत्तर दिलेलं नाही. रोज तिचं पत्र उघडते आणि माझ्या हातांकडे बघत बसते.

गोनारिया


ओरोव्हाई, ९ डिसेंबर

गोनारिया,

मागच्या पत्रातला माझा सल्ला तेवढा परत पाठव. त्यात मी कुणी माणूस धरलंच नव्हतं, नुसता कागद धरला होता.

तुझं पत्र ऐकलं त्या दिवशी बाकावर गेले. तू नको म्हणाली होतीस, तरी गेले, कारण आपल्या गावचं रक्त आहे आणि ते लोक माझ्यामुळेच फुगले होते. सांगितलं, ‘ऐका रे, तुमचं रक्त विशीतलं नाही. पोरीने पुन्हा बघितलं. वाटेत मेलं होतं.’

मग बाचिझिओ म्हणाला, ‘मग माझं रक्त किती वर्षांचं?’

‘तुझ्याच वयाचं. त्यात बोट लागलेलं.’

‘आणि हे आत्ता का सांगतेस? आठ वर्षं मी बरा होतो!’

‘अजूनही बराच आहेस, फक्त बाही खाली कर.’

बाही खाली केली त्याने. आठवडा झाला, माझ्याशी बोलत नाही. आता माझ्याशी न बोलणारे दोन झाले, तो आणि कोंबडी. खरं सांगू? मलाही ते रक्त आवडायचं गं. रात्री पाय वळायचे तेव्हा मनाशी म्हणायची, असू दे, आतले पहारेकरी तरी जागे आहेत.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. खुर्ची तुझी जाणार, माझी नाही. माझ्याकडे आहे ती वेताची आहे आणि तिच्यावर ऊन येतं. पण त्या मुलीला हातांबद्दल तेवढं लिही. तू लहान असताना तुझ्याकडून दूध नासलं की मी तुझेच हात बघायची, भांडं कधी बघितलं नाही. तू रात्री हात घासत बसायचीस, मला आवाज यायचा.

आजी


तोरिनो, १२ मे

आजी,

हिवाळाभर फोनवर मी पुन्हा ‘ठीक’ म्हणत राहिले, आणि तू विचारलं नाहीस. आता बसून लिहिते.

तुझं पत्र पोचलं त्याच संध्याकाळी त्रीनूला लिहिलं की तिचे हात चांगले आहेत, माझ्या नळ्यांत मेलेलं रक्त होतं. दुसऱ्या दिवशी लेख मागे घेतला. नियतकालिकाने जानेवारीत चार ओळींची सूचना छापली. त्याच आठवड्यात माझा आकडा खाली आला. अर्ज तरीही भरला होता. काल निकाल लागला. दोनऐवजी एकच आकडा पार. समितीने माझं काही वाचलंच नाही, वाचायची पाळीच आली नाही.

मार्चअखेर करार संपला. दारावर चिकटपट्टीने लावलेली माझ्या नावाची चिठ्ठी मीच काढली. पट्टीचा डाग राहिला, तो नखाने खरवडत होते तर नवीन मुलगा म्हणाला, ‘राहू द्या मॅडम, मी माझं नाव त्याच्यावरच लावतो.’

आता एका रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत आहे. लोकांचं रक्त येतं, मी तपासते, कागद वर जातो. माझं नाव कुठेच नसतं. रक्त ताजं असतं.

त्रीनूने उत्तर दिलं नाही. डिसेंबरपासून एक ओळ नाही. तिची जागा राहिली की गेली, मला माहीत नाही. उशीर तर मीच केला होता. आभार नकोत गं. नुसतं पोचलं एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. रविवारी फार शांत असतं इथं. शेजारच्या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालं की बरं वाटतं.

गोनारिया


ओरोव्हाई, २५ मे

पोरी,

‘ये’ असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू येशील, आणि मग आपण दोघी एकमेकींसमोर बसून ‘बरी आहे, बरी आहे’ करू. ऑगस्टमध्ये तुला सुट्टी असते तेव्हा ये, जशी दर वर्षी येतेस, उगाच दोन जास्तीच्या बॅगा भरू नकोस.

ती मुलगी उत्तर देत नाही त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. कुंपणात अडकलेली शेळी सुटली की पळते. सोडवणाऱ्याचं तोंड बघायला थांबत नाही. मी किती सोडवल्या, एकही वळली नाही. उलट एकीने लाथ मारली.

तळघरात आहेस तर स्वेटर घालत जा. आस्सुंता म्हणते, तिथल्या माणसांना सूर्याच्या गोळ्या लागतात. डबा पाठवतोय. चीजही आहे, गोळ्यांच्या आधी ते खा.

बाचिझिओ बोलायला लागला. पहिलंच वाक्य, ‘तुझ्या पोरीची नोकरी माझ्या रक्तापायी गेली का?’ मी हो म्हटलं. तर म्हणाला, ‘मग माझी सही घेऊन जा, माझी तक्रार नाही.’ त्याला वाटतं, खटला चाललाय.

आजी


तोरिनो, १९ नोव्हेंबर

आजी,

आज जेवणाच्या सुट्टीत, जुन्या सवयीने, नवे लेख चाळत होते. त्रीनूचा पहिला लेख छापून आलाय. तिची जागा गेली नव्हती. तिने तिकडच्या म्हाताऱ्यांचं रक्त नीट बघून लिहिलंय की पहारेकरी झोपतातच, सगळ्यांचे, आणि मेलेल्या पेशी कशा फसवतात तेही आकृत्या काढून दाखवलंय. स्वच्छ काम आहे. माझ्यापेक्षा चांगलं.

आत एका ठिकाणी माझं नाव आहे. मागे घेतलेल्या लेखासाठी नाही, त्या चार ओळींच्या सूचनेसाठी. ‘ही चूक गोनारिया पिरास यांनी स्वतः शोधून जाहीर केली, म्हणून हे काम होऊ शकलं.’ एवढंच.

सवयीने माझा आकडा बघितला. हलला नाही. सूचनेच्या उल्लेखांना धरत नाहीत.

मी लेख छापून घेतला आणि तळघरात दोनदा वाचला. मग कुणाला दाखवावा म्हणून आजूबाजूला बघितलं. दुपारची पाळी होती, मी एकटीच होते. म्हणून तुला लिहिते.

गोनारिया


ओरोव्हाई, १ डिसेंबर

गोनारिया,

आस्सुंताकडून तेवढं एक वाक्य तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा ती म्हणाली, ‘बाझिलिया, मलाही घर आहे.’

धरत नाहीत तर न धरू देत. त्या एकशे बारा जणांतल्या एकाचंही नाव तू मला कधी सांगितलं नव्हतंस. कोण होते, कुठले होते, त्यांच्याकडे पाऊस पडतो का, काही नाही. मी मात्र गावभर सांगत फिरले. हिचं नाव मला येतं. त्रीनू. काल बाकावर म्हणून बघितलं, बाचिझिओला नीट म्हणता येत नाही, त्याचे दात नाहीत.

पण नुसत्या नावाने मी काय करू? इथं कुणी नवं दिसलं की पहिला प्रश्न ‘कुणाची गं तू?’ असाच असतो. तेव्हा तिला लिही. कामाचं लिहू नकोस, ते दोघींनी लिहून झालंय. तिची आई कोण, आहे की गेली, ते विचार. घरात कोण कोण असतं आणि ती जेवते कुणाबरोबर, तेही विचार.

ती उभ्याने जेवत असेल तर मला कळव.

तुझी आजी बाझिलिया